जांभ्याचे दहा दिवस

बुधवार, ७ मे १९५८

काल रातभर डोळ्याले डोळा लागला नाई. सारं घर झोपलं, माजी पोरगी नंदा बी झोपली, मी जागीच. बैलाच्या कोठ्यात कुत्र्याची साखळी वाजली का मी उठून बसत होती. अना नाई वाजली तं अजून भेव. काऊन नाई वाजून राहिली, मेला का काय.

ही वही माज्या भावानं देली होती, पुनारामभाऊनं. चिठ्ठ्या लिहत जा म्हने, चौथी शिकली ते विसरू नको. दोन सालात दोन चिठ्ठ्या लिहल्या. आता आमगावच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हनले का कुत्रा काय खाते, पानी पेते का, रोज लिहून ठेव. म्हनून लिहून राहिली.

झालं ते लिहते. काल दुपारी जांभ्या नंदाले चावला. उजव्या हाताले, अंगठ्याच्या बुडाशी. दोन दात रुतले, एकातून रगत आलं. जांभ्या आमचाच आहे. होळीले भाऊ गोंदियाहून आला तवा पिशवीत घालून आनला होता. जांभळासारखा काळा, पाय आखूड, कितीबी खाल्लं तरी मोठा होत नाई. शेजारचे दुधराम भाऊजी म्हनतात का भावानं कुत्रा म्हनून मुंगूस आनून देला.

नंदा रडली तं सासू धावत आली. धुरपताबाई माजी सासू. तिनं पोरीचा हात पाहला अना तिचं तोंड कसं झालं ते मले लिहता येत नाई. पांढरं पडलं. तिनंच दुधराम भाऊजीले आवाज देला. भाऊजी लाठी घेऊनच आले. "कुठी आहे तो" म्हनले. सासू म्हनली, "आधी खाचराले बैल जुपा, लाठी मंग." म्हनून जांभ्या वाचला काल.

डॉक्टरनं साबनानं किती वेळ हात धुतला. नंदा वरडून वरडून थकली तरी धुतच होते. मंग मले इचारलं, "उगाच चावला, का खेळता खेळता?"

सासू मागं उभी. भाऊजी दारात. मी म्हनली, "उगाच. लेकरू बसलं होतं, आला अना चावला."

डॉक्टरच्या कपाळाले आठ्या आल्या. म्हनले, उगाच चावला म्हनजे बरं नाई. पन कुत्र्याले मारू नका. मारला का काई समजत नाई. बांधा. पिसाळलेला असला तं दहा दिवसाच्या वर जगत नाई. दहाव्या दिवशी खाऊन पिऊन उभा असला तं पोरीले काई धोका नाई, घरी राहा. मधातच पानी सोडलं, तोंडाले फेस आला, नाई तं मेला, तं त्याच दिवशी गाडी पकडून गोंदियाले मोठ्या दवाखान्यात जा. पोटात चौदा सुया. सुया सुरू झाल्यावर बी कुत्रा दहाव्या दिवशी जिवंत दिसला तं उरलेल्या बंद करतात.

नंदाचं पोट हे येवढं. माजी एक ओंजळ बी मोठी पडते.

येताना खाचरात भाऊजी बोलले, "वयनी, आता कुत्र्याचं बाळंतपन करा. शेक, मालिस, सारं."

घरी आल्यावर सासू येवढंच म्हनली, "बांध त्याले कोठ्यात. अना मले त्याचं तोंड दाखवू नको."

आजचा पहिला दिवस. दहावा पुढच्या सुक्रवारी, सोळा तारखेले. जांभ्यानं भात खाल्ला. पानी पेलं. शेपूट हलवली. मी दुरून पाहलं.

गुरुवार, ८ मे

सकाळी भात खाल्ला. पानी पेलं. दुपारी झोपला. सांजच्याले भाकर खाल्ली.

शेजारची मंदाबाई आली, संग बकाराम बाबाले घेऊन. बकाराम बाबा फुलाची, म्हनजे काशाची, थाळी लावतात. मान्साच्या पाठीवर थाळी टेकवतात अना तोंडातल्या तोंडात म्हनतात. इख असलं तं थाळी पाठीले चिकटते, इख उतरलं का आपसूक पडते. मी म्हनली, डॉक्टर म्हनले. मंदाबाई म्हनली, "डॉक्टर तुज्या घरी येनार आहे का व? बाबा आलेत तं लावून घे. थाळी का पोरीले खाते?"

नंदाच्या पाठीले लावली. चिकटली. मंग नंदाले गुदगुल्या झाल्या, ती खदखदा हासली, थाळी पडली. मंदाबाई म्हनली, उतरलं पाहा. बाबा म्हनले, "नाई. हासून पाडलेली थाळी चालत नाई. पुन्हा लावा लागते." पुन्हा लावली तं चिकटलीच नाई, पोरीची पाठ घामानं वली होती. बाबा म्हनले का पयल्याच खेपेले उतरलं असंल. काय समजावं.

जाताना बाबा सासूले म्हनले, "बाई, कुत्रा ठेवू नका. कुत्रा मेला का त्याच्या संग इख बी जाते." सारं गाव हेच म्हनते. सासू उठून आत गेली. तिनं कालपासून उपास धरला आहे. कायचा उपास इचारलं तं म्हनली, "माजा मी पाहून घेईन." भात वाढून घेते, थाळी घेऊन मागच्या अंगनात जाते, थाळी धुऊन आनते. म्हनते का देवाले निवद देला, मी नाई जेवली.

नंदाचे बाबूजी घरी नाईत. ते सालेकसाच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी आहेत. पत्ता सरला का येतील. सनवारी येतो म्हनले होते, या नाई, त्या सनवारी. त्याईले निरोप धाडला नाई. काय म्हनून धाडू.

सनवार, १० मे

काल लिहलं नाई. काल सारं ठीक होतं. मंग आज सकाळी वाटलं का ठीक होतं तेच लिहायचं आहे, डॉक्टरनं त्याच्याच साठी सांगतलं. तं काल खाल्लं, पेलं.

आज दुसरं लिहते. हे कोनाले सांगतलं नाई.

जांभ्या उगाच नाई चावला.

मी अना नंदा खेळून राहिलो होतो. सासू दळन घेऊन गेली होती. मी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, त्याले मोठी गाठ मारली. एका बाजूनं जांभ्या ओढे, दुसऱ्या बाजूनं नंदा. तो मागं मागं सरे अना नाकातून घूं घूं करे. नंदा हासून हासून खाली बसे. मी बी हासत होती. मले लगन झाल्यापासून येवढं हासू आलं नव्हतं. मीच म्हनली, "ओढ नंदे, सोडू नको, हिसकून घे त्याच्या तोंडातून." तिनं हात पुढं घातला, गाठीजवळ, अना जांभ्यानं गाठ धराले तोंड मारलं. गाठीच्या जागी हात आला. चावला तसा सोडला. सोडून खाली बसला, कान पाडून.

वीस सालाची बाई कुत्र्यासंग लहान पोरीवानी खेळून राहिली होती, हे सासूले कसं सांगू. तिथी सांगतलं नाई, मंग दवाखान्यात बी सांगता आलं नाई. आता डॉक्टर समजतात का उगाच चावला. उगाच चावनारा कुत्रा पिसाळलेला असते. मले म्हाईत आहे का उगाच नाई. पन मंग वाटते, मले कायचं म्हाईत आहे? पिसाळलेला कुत्रा पयल्या दिवशी खेळत असंल बी.

त्या दिवशी डॉक्टरनं जाताना अजून सांगतलं होतं. लहान पोरीले कुत्र्यापाशी एकटं सोडायचं नाई. तो खात असला तं हात लावायचा नाई. झोपला तं उठवायचं नाई. तोंडाजवळ तोंड न्यायचं नाई. अना त्याच्या तोंडातलं हिसकायचं नाई. हे शेवटचं सांगतलं तवा मी खाली पाहत होती.

आज खाल्लं. पानी पेलं.

सनवार, सांजच्याले

मंदाबाई पानी भराले विहिरीवर भेटली. तिनं जे सांगतलं ते लिहते.

सासूले नंदाच्या बाबूजीच्या आधी एक पोरगा होता. शालीकराम. सहा सालाचा. त्याले बी घरचाच कुत्रा चावला होता. गावानं त्याच सांजी कुत्रा मारला, तळ्याच्या पाळीवर गाडला. सारे म्हनले का आता इख गेलं. पोरगा चांगला होता, खेळत होता. दीड महिन्यानं ताप आला. पानी पाहलं का गळा धरत होता. तिसऱ्या दिवशी गेला. मंदाबाई म्हनली, "तुजी सासू तवापासून कुत्र्याले दारात उभं करत नव्हती व. तुज्या भावानं आनला तवा ती तुज्याकडं पाहून गप राहिली. सुनेच्या माहेरचं देनं, काय बोलावं."

मले कोनीच सांगतलं नव्हतं. नंदाच्या बाबूजीनं बी नाई.

आता समजलं का ती जांभ्याचं तोंड काऊन पाहत नाई. ती त्याले जगू देनार नाई. भाऊजीच्या लाठीची मले येवढी भीती नाई, लाठी दिसते तरी. सासू बोलत नाई. तिच्या पोटात काय आहे कोनाले दिसत नाई.

अइतवार, ११ मे

पाचवा दिवस. अर्धे झाले.

पेजेच्या गंजातली पेज कमी झालेली दिसली. मांजर असंल. गंजावर झाकन होतं तरी. सासू उपासाची, नंदा पेज खात नाई.

आज एक झालं ते लिहते. नंदा सकाळपासून माज्या मागं, जांभ्यासंग खेळतो, जांभ्यासंग खेळतो. मी म्हनली नाई. ती कोठ्याच्या दारात जाऊन बसली अना रडू लागली, तिकून जांभ्या कुईं कुईं. दोघंबी एकमेकाले पाहून रडून राहिले. मी मंग जमिनीवर कोळशानं रेघ काढली. साखळी पुरते त्याच्या दोन हात इकडं. नंदाले म्हनली, या रेघीच्या पुढं पाय गेला तं पाय तोडीन. मी मधात बसली. चिंध्याचा चेंडू केला, तिनं फेकला, जांभ्यानं धरला. आता वापस कसा घ्यायचा. हिसकायचं तं नाई. मी भाकरीचा तुकडा दाखवला. त्यानं चेंडू सोडला अना भाकर घेतली. दुसरं देलं का पयलं आपोआप सोडते. मले हे आधीच म्हाईत असतं तं.

मंग आमी खेळलो. नंदा फेके, तो आने, मी तुकडा देई, तो चेंडू टाके. लाठीनं चेंडू इकडं ओढून घेई. दहा बारा खेपा झाल्या. मंग त्यानं जांभई देली अना आडवा पडला, तं मी म्हनली, बस, तो थकला, आता उठवायचं नाई. नंदानं हात जोडून त्याले राम राम केला.

वर पाहलं तं सासू दारात. किती वेळची उभी होती काय म्हाईत. मले वाटलं आता आग पाखडते. ती म्हनली, "रेघ अजून एक हात मागं घे." अना गेली.

तिच्या डोळ्यात काय होतं मले समजत नाई. मी रेघ मागं घेतली.

सोमवार, १२ मे

आज धरली तिले.

मी पानी भरून आली तं सासू कोठ्यात. जांभ्यापाशी, उकिडवी बसलेली. मले पाहून हातातलं पदराखाली लपवलं. मी घागर तशीच खाली टाकली. "काय देऊन राहिल्या त्याले?"

"काई नाई. गोवऱ्या पाहाले आली होती."

"पदराखाली काय आहे?"

"शांते, तोंड सांभाळून बोल."

"दहा दिवस होऊ द्या. मंग काय करायचं ते करा. चार दिवस उरले. तुमच्या पाया पडते."

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन उठते, वेळ लागते. जाता जाता म्हनली, "तुले वाटते का तूच दिवस मोजून राहिली." अना पदर सांभाळत गेली. पदराखाली वाटीच होती, मले दिसली. पितळेची.

मी जांभ्याच्या आजूबाजूचं सारं झाडलं. वाटीतलं काई सांडलं होतं ते मातीसकट खरडून उकिरड्यावर टाकलं. धोतऱ्याचं बी असंल, कन्हेरीचं मूळ असंल. मावससासूकडं एका कोल्ह्याले असंच मारलं होतं म्हनतात. जांभ्याचं तोंड उघडून पाहायची हिंमत झाली नाई. सारी दुपार कोठ्यातच बसून राहिली. उलटी नाई केली त्यानं. सांजच्याले माजी भाकर अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली.

अर्धी काऊन ठेवली?

भाऊजी कुडाच्या वरून पाहून म्हनले, "वयनी, आता तुमालेच साखळी बांधा लागते वाटते." मी म्हनली, "बांधा, पन त्याच्या बाजूलेच बांधा." ते हासले. मंग हासता हासता थांबले. म्हनले, "तुमी जेवता का नाई वयनी?" मले आठवलंच नाई का मी कवा जेवली.

बुधवार, १४ मे

आठवा दिवस. सकाळी भात टाकला, त्यानं वास घेतला अना तोंड फिरवलं. दुपारी पुन्हा टाकला, तसंच. पानी ठेवलं. पाहलं पन नाई पान्याकडं. बाहेर ऊन कसं तापून राहिलं, बैल अर्धा हौद पेऊन राहिले, अना हा येवढासा जीव पान्याकडं पाहत नाई.

पानी सोडलं का, डॉक्टर म्हनले होते.

शेपूट हलवते. मले पाहून उठते बी. पन भात नाई, पानी नाई. मी नाव घेऊन घेऊन बोलावलं. वाटी तोंडाजवळ नेली. त्यानं माज्या हाताले नाक लावलं अना पुन्हा जाऊन पडला. पोट तं भरलेलं दिसते. सुजलं असंल. इखानं सुजते.

सासूले म्हनली, "खाऊन नाई राहिला." पाहावं काय म्हनते म्हनून.

ती म्हनली, "ऊन आहे. भूक नसंल."

"पानी बी नाई पेऊन राहिला."

"पेईल. पाहू नको त्याच्याकडं येवढी. जेवून घे तू."

कशी गपचिप बोलली. मनासारखं होऊन राहिलं म्हनून असंल. तिचं स्वतःचं तोंड उपासानं सुकून गेलं, गालाची हाडं वर आली, पन उपास सोडत नाई. कोनाच्या मरनासाठी कोनी येवढा उपास करते का?

नंदाच्या हाताची जखम भरली. खपली बी पडून राहिली. ती इचारते, जांभ्या चेंडू काऊन नाई धरून राहिला. मी म्हनली, त्याचं पोट भरलं. लेकराले काई तरी सांगा लागते.

अजून एक दिवस पाहते. उद्या सकाळी खाल्लं तं ठीक.

गुरुवार, १५ मे, सकाळ

फेस आला.

तांबडं फुटताना कोठ्यात गेली. जांभ्या जागा होता, उभा. मले पाहून अंग हलवलं. अना त्याच्या तोंडाले पांढरं. काळा कुत्रा, पांढरं लगेच दिसते. मिशाले थेंब लोंबत होते, अना कडेनं वाळून पांढरी पापडी झाली होती. मी जवळ नाई गेली. दार लावलं. कडी लावली.

रडली नाई. रडाले वेळ नाई. आमगावहून सकाळची गाडी आहे, दोन कोस चालाचं आहे, नंदाले कडेवर घेऊन. भाऊजीले खाचर मांगितलं तं काऊन इचारतील, अना काऊन समजलं का लाठी.

पेटीतून नंदाचे दोन झगे काढून राहिली तं सासू मागं येऊन उभी झाली. "कुठी?"

"भावाकडं जातो. चार दिवस."

ती माज्याकडं पाहत राहिली. म्हनली, "उद्या दहावा आहे व शांते. उद्यापर्यंत थांब."

मी म्हनली, "नाई थांबत."

तिनं मोजले कसे? तिले तं आकडे येत नाईत. मंग मले आठवलं, कोठ्याच्या भिंतीले, जांभ्या बसते त्याच्या वर, तांदळाच्या पिठाचे ठिपके आहेत. मी काल मोजले होते, आठ होते. मले वाटलं का उपासाचे आहेत. आज एक वाढला असंल.

ती अजून काई बोलनार होती, पन आत गेली अना लोट्यात पेज घालून आनली, वर फडकं बांधलं. म्हनली, "पोरीले गाडीत लागंल. उन्हाचं पानी नको पाजू, हेच पाज." तिच्या बोटाले पेज वाळून पांढरी पापडी झाली होती, ती तिनं पदराले पुसली. नंदाच्या डोक्यावरून हात फिरवला. जखमेचा हात उचलून पाहला, फुंकर मारली, ठेवला. मंग म्हनली, "तुज्या भावाले सांग, कुत्रा चांगला देला." टोमनाच मारला. मी पेटी लावली.

पेज मी घेतली, पन वाटेत सांडून देईन. तिच्या हातचं पोरीले कसं देऊ.

आता ही वही छपरीत बाजेवर ठेवून राहिली, वर दगड. सासूले वाचता येत नाई. कोनी तरी वाचंल, म्हनून लिहते.

दुधराम भाऊजी, तुमी अक्षर लावून लावून वाचता, तुमच्याच हाती पयली लागंल. फेस आला हे वाचून लाठी उचलू नका. तो बांधलेला आहे, दाराले कडी आहे, कोनाले काई करत नाई. तुमी मारला तं तो पिसाळला होता का नव्हता हे कोनालेच समजनार नाई, मंग नंदाले चौदाच्या चौदा सुया. तुमी आपल्या हातानं तिले देल्यासारख्या. मंदाबाई, बकाराम बाबाले आनू नको. नंदाचे बाबूजी, तुमी सनवारच्या आधी आले तं माज्यावर रागवा, पन आधी कोठ्यात जाऊन पाहा.

सासूवर लक्ष ठेवा. वाटी घेऊन जाते. जाऊ देऊ नका.

अना हे बी खरं आहे, साऱ्याईले सांगा: जांभ्या उगाच नाई चावला. मी गाठ मारली होती, मी म्हनली हिसकून घे. मी डॉक्टरले खोटं बोलली. गोंदियाच्या डॉक्टरले खरं सांगीन.

आज एक सुई होईल. उद्या दुसरी. उद्या सुक्रवार, दहावा. उद्या दिवस मावळताना कोठ्याचं दार उघडून दुरून पाहा. मेला असला तं मेला. उभा असला, तं पानी ठेवा अना पाहा. मंग परवा, सनवारी, आमगावच्या पोस्टात जा. पोस्ट दहाले उघडते. गोंदिया सत्तेचाळीस नंबर मांगा, ते धानाच्या गिरनीत लागते, माजा भाऊ तिथी वजनाच्या काट्यावर आहे. फोन सेठचा आहे, सेठ बडबडतील, तरी पुनारामले बोलवा म्हना, बहिनीचं काम आहे म्हना. जास्ती बोलाचं नाई. जिवंत आहे, नाई तं नाई, येवढंच सांगा. तिसरी सुई टोचाच्या आधी त्याले समजलं पायजे.

जो कोनी हे वाचंल त्यानं माज्या भावाले फोन करा.